अष्टमीची भरती आणि मानाचा नारळ

भांडुप,
बुधवार, दुपार

तीर्थस्वरूप रामचंद्रमामांच्या पायांवर भांडुपहून लवूचा नमस्कार. हा नमस्कार या खेपेला मनातल्या मनात केलेला समजावा, कारण पाठ वाकत नाही. मी खाटेवर पालथा पडून सांगतो आहे आणि वनमाला लिहिते आहे. माझ्या दोन्ही तळहातांना फोड आलेत, पाठीवर बायकोनं, म्हणजे रत्नप्रभेनं, दही थापलंय आणि जवळचा चष्मा खाडीत गेला, त्यामुळे ही काय लिहिते ते मला दिसत नाही. पण पोर सरळ आहे, सांगेन तेवढंच लिहील. (दादा सांगतो आहे तेवढंच लिहिते आहे. — वनमाला)

तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या कानात गेलेला किडा निघाला का? म्हैस व्याली असेल तर रेडा झाला की रेडी, तेही कळवावं. इकडे आम्ही सगळी खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहितो.

तुमचं मागचं कार्ड पोचलं. ‘या खेपेला बोलणीच्या वेळी तू तोंड उघडू नकोस,’ असं तुम्ही त्यात लिहिलंत. मामा, कार्ड उघडं असतं. ते आधी पोस्टमननं वाचलं, मग तळमजल्यावरच्या शांताबाईंनी वाचलं आणि शेवटी रत्नप्रभेनं मला जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. आता चाळीत मला कुणी वेळ विचारली आणि मी सांगितली तरी लोक म्हणतात, लवू, मामा काय म्हणाले होते? वनमालेची तीन स्थळं माझ्यामुळे मोडली हे तुमच्या डोक्यात कुणी भरवलं ते मला ठाऊक आहे. (ती या घटकेला स्वयंपाकघरात दही घुसळते आहे.) पहिलं स्थळ शाळामास्तराचं. त्यांच्या बोलण्यात एक सनावळी चुकली ती मी दुरुस्त केली, नंतर आणखी चुकल्या त्याही केल्या. मास्तराला सनावळी दुरुस्त केलेली चालत नसेल तर दोष कुणाचा? दुसऱ्या मुलाला मी एवढंच विचारलं की डोक्यावरचे केस वडिलांच्या बाजूनं गेलेत की आईच्या. तिसऱ्या खेपेला मुलाची आत्या म्हणाली, सोलकढीत लसूण जास्त झाला. मी तिला सोलकढीचा सगळा विचार पहिल्यापासून समजावून सांगायला बसलो, तो आमसुलापर्यंत पोचायच्या आत मंडळी चहा न घेता उठली. यात माझं तोंड कुठं आलं?

आई गेली तेव्हा वनमाला माझ्या कडेवर होती. आईनं तिचा हात माझ्या हातात दिला, तो तिला जन्मभर टेलिफोनच्या खोलीत कानाला यंत्र लावून ‘नंबर प्लीज’ म्हणत बसवायला नव्हे. तिचं चांगलं झालेलं मला बघायचंय. हे चौथं स्थळही गेलं असतं तर आईला वर जाऊन मी काय तोंड दाखवलं असतं? हे तुम्हाला म्हणून सांगतो, हिच्यासमोर मी असलं कधी बोलत नाही. (लिहिणारी मीच आहे हे दादा विसरला. मी आठवण केली नाही. — व.)

तर हे चौथं स्थळ मुलुंडचं. मुलगा जयवंत, कारखान्यात नकाशे काढतो, केस भरपूर. वडील कुंडलिकराव मूळ वेंगुर्ल्याचे, जन्मभर मालाच्या गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. त्यांनी निरोप पाठवला की रविवारी दुपारी जेवायलाच येतो, जेवताना बोलू. आता तुम्ही सांगा, ज्या माणसाचं आयुष्य समुद्रावर गेलं त्याच्या पानात बाजारची मासळी वाढायची? मी ठरवलं, आपण तोंड उघडायचं नाही. तोंडाच्या जागी जिताडा बोलेल. जिताडा ही खाडीची मासळी, आणि असा हातभर मासा मुलीच्या भावानं स्वतः पकडून आणला म्हटल्यावर कुठला सोयरा नाही म्हणेल?

होडी माझ्याकडे होतीच. आमच्या कारखान्यात यंत्रं बसवायला एक जर्मन साहेब आला होता. त्याची घडीची होडी होती, आत लाकडी कामट्यांचा सांगाडा आणि वरून रबर चढवलेलं जाड कापड. मध्ये एक भोक, त्यात माणसानं पाय लांब करून बसायचं आणि दोन्ही टोकांना पंजे असलेल्या वल्ह्यानं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पाणी मारायचं. साहेब तिला कयाक म्हणायचा. चाळीत तिला काकडी म्हणतात. साहेब परत गेला, काकडी स्टोअरात कंडम मालात पडली आणि स्टोअरकीपर मी आहे. गेला महिनाभर ती गॅलरीत जोडून ठेवली होती, त्यामुळे दोन बिऱ्हाडांना दारं अर्धीच उघडता येत होती. जोडून झाल्यावर तीन कामट्या उरल्या. (यंत्र जोडल्यावरही काहीतरी उरतंच, स्टोअरातल्या माणसाला याची सवय असते.)

आता तुमच्याकडे येतो, कारण या सगळ्याच्या मुळाशी तुम्ही आहात. लहानपणी तुम्ही मला शिकवलंत की तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ निघते. रविवारी अष्टमी होती. वनमालेनं पंचांग काढलं, आठाची पाऊणकी केली आणि सांगितलं, दादा, सकाळी सहाला भरती. मी पहाटे उठून पाहिलं तर खरंच पाणी बंधाऱ्याला लागलेलं. गणित अगदी बरोबर होतं. पण मामा, तुमची ही पाऊणकी जाण्याची भरती सांगते, येण्याची सांगत नाही. ही गोष्ट तुम्ही मला आजवर का सांगितली नाहीत? बरं, ओहोटी लागते हे मलाही कळतं, मी काय घाटावरचा आहे? पण वेंगुर्ल्याला मी दोन वेळा जाऊन आलोय. तिथं ओहोटी लागली की खाली वाळू लागते आणि माणूस होडी ओढत, गाणं म्हणत चालत घरी येतो. खाडीच्या तळाशी वाळू नसते हे कोकणातल्या माणसाला कोण सांगणार?

आठ-नऊपर्यंत परत यायचं असा माझा बेत. एवढ्या कामाला वनमालेनं मला काय बांधून द्यावं? भाकऱ्या, सुकटीची चटणी, उकडलेली अंडी, पाण्याच्या दोन बाटल्या, छत्री आणि वर रत्नप्रभेची जुनी शाल. मी म्हटलं, अगं, मी खाडीत चाललोय, काशीला नव्हे. ती म्हणाली, असू दे दादा. बायकांना अंदाज नसतो तो असा. (अंड्यांबरोबर मीठ द्यायचं राहिलं, तेवढी चूक झाली. — व.)

मिठागराच्या बंधाऱ्यावर सोनूबाई होती. ही आमच्या चाळीला मासळी देणारी कोळीण, निवट्या पकडायला पहाटेपासून तिथंच असते. तिनं काकडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वनमालेकडे पाहिलं आणि दोघी पदर तोंडाला लावून खोकल्या. सकाळी तिथं गारवा असतो. मी भोकात बसलो. मामा, या होडीत बसणं म्हणजे ओल्या फरशीवर लुगडं नेसण्यासारखं आहे, हललं की गेलं. पण एकदा बसलो आणि वल्हं मारलं की काय सांगू, इतकी झकास सुटली. पाण्यावर धुकं, पलीकडे डोंगर, बगळे उडतायत, आणि माझ्यासारखा भांडुपचा स्टोअरकीपर मधोमध एकटा. मला वाटलं, आपला जन्म चुकला, आपण तांडेलच व्हायचं.

मग मी गळ टाकला. पहिला गळ माझ्या सदऱ्याच्या पाठीत अडकला. तो काढायला हात मागं नेला तर होडी एका अंगावर आली, म्हणून तो तिथंच राहू दिला. दुसरा गळ पाण्यात गेला आणि त्याला लगेच ओढ लागली. मी वल्हं मांडीवर ठेवून दोरी गुंडाळायला लागलो. बराच वेळ गुंडाळली. मासा काही वर येईना, मात्र बंधारा लांब जायला लागला. तेव्हा ध्यानात आलं की ओढ माशाची नसून खाडीची आहे. ओहोटी लागली होती आणि काकडी मला घेऊन ट्रॉम्बेच्या दिशेनं निघाली होती. मामा, ट्रॉम्बेला अणूचं काम चालतं. तिथं धुक्यातून काकडीत बसलेला, पाठीत गळ अडकलेला माणूस आला तर पहारेकऱ्यांना मी काय सांगू? बहिणीच्या बोलणीसाठी जिताडा पकडायला आलोय? मी जीव खाऊन उलट वल्हं मारलं. फोड आले ते तेव्हा. कशीबशी किनाऱ्याकडची एक तिवरांमधली गल्ली गाठली, तिच्यात घुसलो आणि दम खायला डोळे मिटले.

उघडले तेव्हा पाणी नव्हतं. म्हणजे अजिबात नव्हतं. लांब कुठंतरी खाडीच्या मध्यावर एक पट्टा चमकत होता आणि मी काकडीसकट करड्या चिखलावर बसलेलो. गंमत म्हणजे मी ज्याला लांबची गल्ली समजत होतो ती फिरून बंधाऱ्याजवळच आली होती. इतका वेळ वल्हं मारून मी निघालो तिथून हाकेच्या अंतरावर पोचलो होतो. म्हटलं, उतरावं आणि चालत जावं. एक पाय बाहेर टाकला तो मांडीपर्यंत गेला. चप्पल राहिली आत. पाय काढायला वाकलो तर चष्मा गेला. चिखल किती खोल आहे ते बघावं म्हणून छत्री खुपसली, ती मुठीपर्यंत गेली आणि मूठही नंतर दिसेनाशी झाली. यंदाच माणूस चंद्रावर उतरला, चालला आणि घरी परत आला, आणि मला भांडुपच्या खाडीतून भांडुपला येता येईना.

सोबतीला होत्या निवट्या. या माशाला पाण्याची गरज नाही, चिखलावर हातांवर उड्या मारत फिरतो, डोळे डोक्याच्या वर. होडीभोवती त्या गोल करून बसल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी भाकरी खाल्ली तेव्हाही बघत होत्या. एक तर होडीत येऊन माझ्या पोटरीवर बसली आणि उठायला तयार नाही.

हळूहळू बंधाऱ्यावर माणसं जमली. आधी मिठागरातली आली, मग आमच्या चाळीतली, मग ज्यांना मी ओळखत नाही अशी. दुपारपर्यंत तिथं एक चणेवाला उभा राहिला. रत्नप्रभा आली, तिनं कमरेवर हात ठेवून बराच वेळ पाहिलं आणि काही न बोलता घरी गेली. तिचं न बोलणं मला इतक्या लांबून ऐकू आलं. आता इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. वारा बंधाऱ्याकडून माझ्याकडे वाहत होता. तिकडचा शब्दन्‌शब्द मला ऐकू येत होता आणि माझा एकही तिकडे पोचत नव्हता. मी ओरडायचो, ते कानाला हात लावायचे आणि एकमेकांना म्हणायचे, काहीतरी म्हणतोय बिचारा.

बारा वाजता कुंडलिकराव आले. घरी मुलीचा भाऊ नाही म्हटल्यावर दुसरा माणूस तिथून परत गेला असता. पण ते म्हणाले, वडीलधाऱ्याशिवाय बोलणी कशी करायची, तो जिथं असेल तिथं जाऊ. आणि आली की मंडळी बंधाऱ्यावर. पांढरं धोतर, काळा कोट, मागं टेरिलीनच्या पँटमध्ये जयवंत, त्याची आई, आणि त्यांच्यामागं नारळ-सुपारीचं ताट घेऊन वनमाला, नवी साडी नेसून. मला वाटलं, चिखलानं मला गिळावं. एरवी तो सगळं गिळत होता, मलाच तेवढा गिळेना.

कुंडलिकरावांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं आणि विचारलं, “तो थंय काय करता?” वनमाला म्हणाली, “मासे पकडतोय.” ते म्हणाले, “पाण्याशिवाय?” ती म्हणाली, “पाणी येईल संध्याकाळी.” त्यांनी मान डोलावली. तांडेल माणूस, त्यांना पाणी येणार हे ठाऊक होतं. पण रविवारी साडेचारला राहुकाळ लागतो, त्याच्या आत शब्द पक्का व्हायला हवा होता, आणि सुपारी फोडायची तर दोन्हीकडचे वडीलधारे समोरासमोर हवेत. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, “समोर दिसता मां? मगे झाला.” आणि बंधाऱ्यावर सतरंजी घातली गेली.

मामा, माझ्या बहिणीची बोलणी माझ्या डोळ्यांदेखत झाली आणि मला एक अक्षर बोलता आलं नाही. ते म्हणाले, लग्न मुलुंडच्या देवळात साधेपणानं करू, बँड नको. माझी एकुलती एक बहीण आणि बँड नको? मी वल्हं डोक्यावर धरून गरागरा फिरवलं. वनमाला म्हणाली, “दादा म्हणतोय, त्यालाही साधंच आवडतं.” ते म्हणाले, मुलीची टेलिफोनची नोकरी आहे, तिचं काय? मला सांगायचं होतं की लग्नानंतर नोकरी बंद, आमच्याकडे तशी रीत नाही. मी दोन्ही हातांची कात्री करून दाखवली, अनेक वेळा दाखवली. ती म्हणाली, “दादा म्हणतोय, नोकरी अजिबात सोडायची नाही.” शेवटी न राहवून मी होडीत उभा राहिलो. उभा राहिलो तो गुडघ्यांवर आणि हातांवर चिखलात आलो, तोंड बंधाऱ्याकडे. वनमाला म्हणाली, “दादा नमस्कार करतोय.” कुंडलिकरावांनी उठून, टोपी काढून मला हात जोडले. मग मलाही जोडावे लागले. (मला जे दिसलं ते मी सांगितलं. लांबून नीट कळत नव्हतं. — व.)

सुपारी फुटली. पण मुलीच्या भावाच्या हातात मानाचा नारळ पडल्याशिवाय शब्द पक्का होत नाही, ही त्यांच्या घरातली रीत. सोनूबाई सांगत होती की चिखलात उतरू नका. जयवंतनं ऐकलं नाही. तरुण माणूस, समोर होणारी बायको, त्यानं नारळ काखेत मारला, बूट काढले आणि बंधाऱ्यावरून खाली उतरला. आठ-दहा पावलं टाकली आणि कमरेपर्यंत गेला. आता चिखलात आम्ही दोघं झालो. पण पोरगा धीराचा. तिथूनच त्यानं नारळ भिरकावला. तो माझ्या हातात यायच्या ऐवजी काकडीच्या नाकाडात कापड फाडून घुसला आणि तिथं असा रुतला की हलेना. मी त्याच्यावर हात ठेवला. बंधाऱ्यावरच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि चणेवाल्यानं विचारलं, ठरलं ना?

तोवर जयवंत छातीपर्यंत गेला होता आणि त्याची आई रडायला लागली होती. आणि मामा, आता जे सांगतो ते मी अजून समजू शकलो नाही. सोनूबाईची एक लांब फळी असते, निवट्यांच्या मागं चिखलावर घसरत जायची. तिच्यावर एक गुडघा टेकायचा आणि दुसऱ्या पायानं चिखल मागं ढकलायचा. वनमालेनं नव्या साडीचा काचा मारला, फळीवर गुडघा ठेवला आणि सरळ सुसाट निघाली. जयवंतला बखोटीला धरून तिनं उपसून काढला, फळीवर पालथा घातला आणि घेऊन परत गेली. ही असलं कधी शिकली? मला वाटलं आता माझ्याकडे वळेल. ती म्हणाली, “दादा, फळी दोघांचंच वजन पेलते.” आणि गेली. कुंडलिकराव बघत होते. पोराला चिखलासकट पाठीवर थाप मारून म्हणाले, “माका अशीच सून व्हयी.” हे मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

मग मंडळी जेवायला गेली. सुरमईचं कालवण होतं. म्हणजे रत्नप्रभेनं आदल्या रात्रीच सोनूबाईकडून सुरमई घेऊन ठेवली होती, माझ्या जिताड्यावर कुणाचा भरवसाच नव्हता. चिखलात मी, नारळ आणि निवट्या मागं उरलो. ऊन कललं तसं मला शाल आठवली आणि ती खांद्यांवर ओढून बसलो. चार वाजल्यानंतर पाणी यायला लागलं. आधी गल्लीत एक बोटभर रेघ, मग काकडी हलली. नारळ काढला तर भोकातून पाणी येणार, म्हणून त्याला हात न लावता, त्याच्याच आधारानं मी सहाच्या सुमारास तरंगत तरंगत बंधाऱ्याला आलो आणि सोनूबाईनं दोर टाकून ओढून घेतलं. दिवसभराची मासेमारी म्हणाल तर भाकरीच्या डब्यात एक निवटी सापडली. ती रत्नप्रभेनं परत नेऊन सोडली. म्हणाली, हिनं आज ह्यांना सोबत केली.

तर मामा, तुमच्या शब्दाबाहेर मी गेलो नाही. तोंड उघडलं, पण ते वाऱ्यानं बंद ठेवलं. सोयरीक जुळली आणि ती माझ्यामुळे जुळली, हे आता तुमच्या तोंडून रत्नप्रभेला एकदा कळू दे. मामींना नमस्कार, म्हशीला चारा, आणि तुमच्या गुडघ्याला माझ्या पाठीची आठवण.

तुमचा आज्ञेतला (या खेपेला खरोखरच आज्ञेतला),
लवू

ता. क. मूळ मुद्दा राहिला. बोलणीच्या आधी कुंडलिकरावांना मी जे पत्र घातलं होतं, त्यात आपल्या घराण्याची थोडी ओळख दिली होती. आपले रामचंद्रमामा म्हणजे जुने दर्यावर्दी, मालवणच्या बंदरात त्यांचा स्वतःचा शिडाचा मचवा उभा असतो, असं त्यात एक वाक्य आहे. कुंडलिकराव पुढच्या महिन्यात गावी येणार आहेत आणि मचवा पाहायला मुद्दाम तुमच्याकडे उतरणार आहेत. तुमच्या गावात विहिरीपलीकडे पाणी नाही याची मला कल्पना आहे. तरी कुणाचा तरी मचवा एका दिवसापुरता मागून ठेवावा आणि त्यावर तुम्ही बसलेले असावं.

आणखी एक. उत्तर पाकिटात घालावं, कार्डावर नको.

(मामा, यापुढचं मी माझं लिहिते. दादाला वाटतंय मी पत्ता घालते आहे.

मचव्याची काळजी करू नका. मचवा नाही हे मी कुंडलिकरावांना सुरमई वाढतानाच सांगितलं. ते म्हणाले, ते पत्र वाचूनच कळलं होतं, मालवणच्या बंदरातला प्रत्येक मचवा त्यांना माहीत आहे. तुम्हाला भेटायला मात्र येणार आहेत.

भरतीची वेळ मी दादाला बरोबर सांगितली होती. परत यायला पाणी कधी असेल हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. शनिवारी सोनूबाईला विचारून ठेवलं होतं, ती दिवसभर बंधाऱ्यावरून हलली नाही, दादाला काही झालं नसतं. फळी मी तिच्याकडूनच शिकले, चार रविवार लागले. ती मी दादाला आणायला शिकले होते, जयवंत मध्येच उतरले. दादा तेव्हा सुखरूप बसला होता आणि राहुकाळ लागायला अजून वेळ होता, म्हणून त्याला तसाच बसू दिला.

एक गोष्ट दादानं सांगितली नाही. संध्याकाळी सोनूबाईनं त्याला ओढून घेतलं तेव्हा त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. भूक, तहान, चष्मा, काही नाही. पहिलं विचारलं ते, ठरलं ना गं? मी हो म्हटलं तर तिथंच चिखलात बसून रडला. आईला सांग म्हणाला. मीही रडले मग. तो नारळ देव्हाऱ्यात ठेवलाय, दादा कुणाला फोडू देत नाही.

आता माझी एकच विनंती. लग्नाचा मुहूर्त तुम्हीच काढणार आहात. तो शक्यतो अष्टमीचा काढावा. त्या दिवशी सकाळी सहाला खाडीला भरती असते आणि काकडीचं भोक मी शिवून ठेवलंय. अक्षता पडण्याआधी सनावळी दुरुस्त करणारं कुणी मांडवात नको. अक्षता टाकायला मात्र दादा समोर हवाच, म्हणून मुहूर्त संध्याकाळचा, पाणी परत आल्यानंतरचा, असेल असं बघावं.

दादा विचारतोय, पत्ता एवढा मोठा कसा. मी म्हटलं, कोकणातला आहे. — वनमाला)